सेक्टर दहाचा पोरगा

साक्षी स्वयंपाकघरात मोबाईल पाहून हसली अन् इकडे माझी पोळी जळली. एवढंच झालं. तशी ती दिवसभर खिदळत राहते, आमच्या घराच्या भिंतींले सवय आहे त्याची. पण हे हसू वेगळं होतं. ओठ मिटलेले, नाकातून नुसता श्वास, अन् मग मोबाईल पटकन ओट्यावर उपडा ठेवला. माझ्या पोटात काहीतरी सरकलं. मी तेहतीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते, कोणाले काय दिसते अन् काय दिसत नाही हे मले बरोबर समजते, अन् मले त्याच क्षणी समजलं की माझ्या लहान बहिणीच्या आयुष्यात कोणीतरी आलं आहे. मले आनंद व्हायले पाहिजे होता. नाही झाला. मले वाटलं, हिलेच कावून, मले कावून नाही? चिमटा हातात तसाच राहिला अन् तव्यावरून धूर निघाला.

"ताई, पोळी!"

"दिसते मले. मलेच खायची आहे, जळू दे."

"अवो माय, सकाळी सकाळी काय झालं तुले?" तिनं बोटांनीच पोळी उचलली, हाय हाय करत ताटात टाकली अन् माझ्याजवळ येऊन ओट्याले टेकून उभी राहिली. "एक काम होतं तुझ्याजवळ. आधी प्रॉमिस कर, ओरडणार नाही."

मी काही प्रॉमिस केलं नाही. तिनं सांगायचं ते सांगतलंच. ॲपवर एक पोरगा भेटला. दिवाळीपासून बोलून राहिले. रविवारी पहिल्यांदा भेटायचं आहे, सिव्हिक सेंटरले, कॉफीच्या दुकानात, दिवसा. "कॉलेजमध्ये त्या सायबरवाल्या मॅडम आल्या होत्या ना, त्यांनी सांगतलं होतं, भेटायचं तं दिवसा, चार लोकांत, आपल्या गाडीनं, अन् घरच्या एका माणसाले सांगूनच जायचं. लोकेशन चालू ठेवून. तं माझा तो एक माणूस तू. आईले सांगू शकत नाही, पप्पाले तं विचारूच नको. तूच आहे यार ताई."

म्हणजे ती जाणार, अन् मी घरी बसून नकाशावरचा निळा ठिपका पाहणार. तिचा जीव सांभाळायले घरातलं एक मोकळं माणूस पाहिजे होतं, अन् मोकळं कोण आहे या घरात? मी. माझा रविवार कोणी मागत नाही हे तिले पक्कं माहीत होतं. तिनं वाईट मनानं नाही म्हटलं ते. साक्षी मनानं वाईट नाहीच, हाच तं त्रास आहे. वाईट असती तं मी मस्तपैकी भांडली असती अन् मोकळी झाली असती.

मग तिनं फोटो दाखवला. पांढरा शर्ट, बारीक दाढी, मागे नागपूरची दीक्षाभूमी. चांगला होता पोरगा. मी नीट पाहिला, नाक पाहिलं, कान पाहिले, खोट काढायले काही सापडते का म्हणून पाहिलं, अन् सापडलं नाही म्हणून मोबाईल परत केला. "सम्यक नाव आहे," साक्षी म्हणे. "पहिला मेसेज काय केला त्यानं, विचार ना. बाकीचे पोट्टे 'हाय ब्यूटिफुल' टाकतात. यानं 'जय भीम' टाकलं, ताई. सिर्फ जय भीम. मेरे तो रोंगटे खड़े हो गए." खरोखरच तिचे डोळे भरले होते. "अन् पप्पा रेल मिलमधून रिटायर. सेक्टर दहाले राहतात. सडक सांगतली, क्वार्टर नंबर सांगतला, सगळं. छुपाया कुछ नहीं उसने."

भिलाईच्या स्टील प्लांटच्या वसाहतीबाहेरच्या माणसाले हे समजणार नाही. इथं दोन माणसं भेटली की जात विचारायच्या आधी विचारतात, कोणता सेक्टर, कोणती सडक, पप्पा कोणत्या डिपार्टमेंटले. त्याचं उत्तर बरोबर आलं की झालं, माणूस ओळखीचा. आम्ही सगळे एकसारख्या क्वार्टरमध्ये वाढलो, एकसारखे पेरू चोरले, आमचे सगळ्यांचे बाप एकाच भोंग्यावर उठले, तं आमाले वाटते की क्वार्टर नंबर सांगणारा माणूस खोटं बोलूच शकत नाही. पप्पा रिटायर झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडलं, हुडको कॉलनीत घर घेतलं, पण आजही कोणी विचारलं तं आई जुन्या सेक्टरचाच नंबर आधी सांगते. त्यात वरून जय भीम. साक्षीनं दरवाजा सताड उघडला, तं तिची काय चूक? मीही उघडला असता. माझ्या दाराशी कोणी आलं नाही, एवढाच फरक.

आता मी हे जे सांगून राहिली त्याले जलन म्हणतात हे मले माहीत आहे. मी काही भोळी नाही. लहानपणी पप्पांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर माझी जागा होती. टॉवेल गुंडाळलेली दांडी, हँडलवर माझे दोन हात, पप्पांची हनुवटी माझ्या डोक्यावर, अन् ते शिफ्टवरून आले असले तं त्यांच्या कपड्याले लोखंडाचा अन् तेलाचा वास. मग साक्षी झाली, अन् बसायची झाली तशी ती दांडीवर गेली अन् मी मागच्या कॅरिअरवर. मागे बसलं की समोरचं काही दिसत नाही, नुसती पप्पांची पाठ दिसते, अन् समोरून त्या दोघांचं हसणं ऐकू येते. "काय झालं? काय झालं, सांगा ना!" मी मागून विचारायची. "काही नाही बेटा, कुत्रं होतं," पप्पा म्हणायचे. तोवर ते कुत्रं मागे निघून गेलेलं असे. एवढ्याशा गोष्टीचं काय धरून बसायचं, असं कोणीही म्हणन. मीही म्हणते. पण धरून बसलं आहे पोट, मी नाही.

नागपूरले समाजाच्या परिचय मेळाव्यात मी गेली होती, तेव्हा छातीवर नंबरचा बिल्ला लावून स्टेजवर उभी राहिली. नाव सांगतलं, शिक्षण सांगतलं, उंची सांगतली. माईकवाल्या सरांनी विचारलं, "अपेक्षा?" मी म्हटलं, "माणूस असावा." सगळा हॉल हसला. आई नाही हसली. बसमध्ये तिनं म्हटलं, "तुले थोडं कमी बोलता येत नाही का गं?" तरी त्या मेळाव्यातून एक घर आलं होतं, चंद्रपूरचं. शिरा केला, चिवडा केला, मी निळी साडी नेसली. पोराच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, माझा पगार विचारला, मग पाणी आणून देणाऱ्या साक्षीकडे पाहिलं अन् आईले म्हणे, "अन् या लहानीचं काय शिक्षण चालू आहे?" बस्स. माझं स्थळ तिथंच संपलं. ते लोक गेल्यावर साक्षी माझ्या गळ्यात पडून खूप हसली, "बुढ्ढी पागल होती ताई, सोड," अन् मीही हसली. तिले तेव्हा काहीच समजलं नाही. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती अन् तिच्या चेहऱ्यावर नुसतं पाणी मारलं तरी पुरे असे. तेव्हापासून मी निळी साडी नेसत नाही.

एक मात्र होतं त्या मेळाव्यात. मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या बाया. पोरगा कोणाचा, मूळ गाव कोणतं, मामाचं घर कोणतं, आधी कुठं जुळलं होतं अन् कावून मोडलं, सगळं त्यांना अर्ध्या तासात माहीत होऊन जाये. मले त्यांचा भयंकर राग यायचा. नाक खुपसणाऱ्या मेल्या. ॲपमध्ये अशी बाई नसते. तिथं फोटो, नाव अन् गोड बोलणं, मागे कोणी बसलेलं नाही.

तं ती बाई मी झाली. पण चांगल्या मनानं झाली असं कोणी समजू नका. शुक्रवारी जेवायच्या सुट्टीत मी डबा न उघडता स्कूटी काढली अन् सरळ सेक्टर दहाले गेली. तो क्वार्टर नंबर माझ्या डोक्यात कालपासून घर करून बसला होता. मी चौकशी करायले गेली नव्हती. मी पाहायले गेली होती की हिच्या नशिबात काय वाढून ठेवलं आहे. बगीचा आहे का, गाडी आहे का, सासू कशी दिसते. तिथं काही तरी भिकार दिसावं असं वाटत होतं, पडकं गेट, कपड्यांचा ढीग, तोंडाळ सासू. अन् चांगलंच दिसन याची भीतीही वाटत होती. रस्त्यावर दोन्हीकडे मोठी झाडं, थंडीचं ऊन, कोणाच्या तरी घरातून कुकरची शिट्टी, अन् मी गेटसमोर स्कूटी उभी करून चोरासारखी नंबर वाचून राहिली.

आत एक म्हातारी बाई मेथीले पाणी देत होती. मी विचारलं, सम्यकचं घर हेच का? तिनं पाईप खाली ठेवला. कपाळावर हात धरून माझ्याकडे पाहिलं अन् छत्तीसगढीत म्हणे,

"इहाँ कोनो सम्यक नइ रहय, बेटी. मोर बेटा-बहू रहिथें अउ मैं." मग आवाज बारीक करून विचारलं, "तहूँ ल बलाय रिहिस का?"

तुलेही बोलावलं होतं का. तिनं मले गेटच्या आत घेतलं, पायरीवर बसवलं. अन्नपूर्णा नाव होतं तिचं. ती म्हणे, मागे एक नोनी आली होती, अशीच घर विचारत, याच जागी बसून खूप रडली. आपल्यासारख्या घरची पोरगी वाटत होती. त्यानं तिले कुठंतरी फ्लॅटवर बोलावलं होतं, तिचे फोटो होते त्याच्याजवळ, अन् आता तो रोज म्हणतो की सगळ्यांले दाखवीन. पोरगी त्याच्या आईले भेटून पाया पडायले आली होती. अन् इथं कोणी आईच नाही. "मोर घर के नंबर काबर देथे, दाई," अन्नपूर्णा म्हणे, माझ्याच घराचा नंबर तो कावून देतो, अन् तिच्या हाताले मातीच्या वासाचं पाणी होतं, तो हात तिनं माझ्या डोक्यावर ठेवला. त्या बाईले वाटलं मी पण फसलेली आहे. मी तिले नाही म्हटलं नाही. कोणीतरी मले एवढ्या लायक समजलं, तेच मले त्या पायरीवर बसल्या बसल्या बरं वाटलं. किती नीच असते माणसाचं मन!

स्कूटीवर बसली अन् जे वाटलं ते सरळ सांगते. मले खुशी झाली. भीती नंतर आली, कीव त्याच्याही नंतर आली. पहिली आली ती खुशी. खोटा निघाला! तो पांढरा शर्ट, ती दाढी, ती दीक्षाभूमी, सगळं खोटं, अन् ते ओठ मिटलेलं हसूही आता खोट्यावरच उभं होतं. मी रस्त्यानं चक्क गाणं गुणगुणली. दुकानात आली तं एक काका खुर्चीवर वाट पाहत बसले होते. त्यांच्या डोळ्यांवर फ्रेम ठेवली, काच बदलली, "पहला साफ है कि दूसरा?" त्यांनी म्हटलं, "दोनों एक जैसा लग रहा है." मी पुन्हा बदलली. पुन्हा एक जैसा. मी एकच काच पुन्हा पुन्हा लावत होती, हे मले मालकानं सांगतलं तेव्हा समजलं.

घरी जाऊन सांगायचं, यात काय कठीण होतं? पण सांगतलं की पहिला प्रश्न येणार, तू तिथं गेलीच कशाले? अन् त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं, तेच मले तोंडातून काढायचं नव्हतं. तिनं माझ्यावर विश्वास टाकून मले पत्ता सांगतला, अन् मी तिच्या पाठीमागे जाऊन तिचं सासर हुंगून आली. शिवाय सांगतलं तरी ती मानन का? तेहतीस वर्षांची, बिन लग्नाची, तोंडाळ बहीण म्हणते की पोरगा चांगला नाही. कोण मानन? मी तिच्या जागी असती तं मीही मानलं नसतं. मग हळूच दुसरा विचार आला, अन् तो असा पायात घुटमळला की त्याले हाकलायचं मन होईना. कशाले सांगायचं? जाऊ दे तिले. कॉफीच्या दुकानात चार लोकांत काय होणार आहे? ती घरी येईन अन् रडन थोडी. तिचे हातपाय मोडावे असं मी म्हणत नाही. फक्त एक दिवस तिनं उशीत तोंड घालावं, आपल्याले कोणी पसंत केलं नाही याचा स्वाद एकदा तिच्याही जिभेवर यावा, अन् तिनं म्हणावं, ताई, तूच बरोबर होती. थोडंसं. माझ्या वाट्याले आलं त्याच्या चिमूटभर.

शनिवारी मी एकदा तोंड उघडून पाहिलं. ती गच्चीवर केस वाळवत होती. मी म्हटलं, "तो खरा आहे हे तुले कशावरून माहीत? व्हिडिओवर पाहिला का कधी?"

"त्याचा कॅमेरा खराब आहे ना."

"अन् पोट्टा एवढा चांगला आहे तं कॅमेरा नीट करता येत नाही त्याले?"

तिनं कंगवा थांबवला. माझ्याकडे असं पाहिलं की जसं ती मोठी अन् मी लहान. "ताई, तुले ना कोणीच पसंत पडत नाही. हर चीज में कीड़ा. एकदा तरी माझ्यासाठी खुश हो ना यार." तिनं ते इतक्या प्रेमानं म्हटलं की माझ्या घशातलं सेक्टर दहा घशातच राहिलं. मी म्हटलं, "आहे ना खुश," अन् खाली येऊन भांडे घासले, जे आधीच घासलेले होते.

रविवारी सकाळी आई-पप्पा विहारात वंदनेले गेले. पप्पांनी पांढरे कपडे घातले, आईनं पांढरी साडी, गेटवरून आईनं आवाज दिला, "दोघी मिळून भाजी निसून ठेवा गं." साक्षी आंघोळ करून आली, माझा कानातला जोड मागितला, मी दिला. तिले तो माझ्यापेक्षा चांगला दिसला. मी पलंगावर बसून मेथी निसत होती अन् मनात म्हणत होती, जा, जा एकदाची. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. ती वाचत गेली अन् तिचा चेहरा लाल होत गेला, लाजेनं.

"ताई, प्लॅन चेंज झाला. कॉफीवाल्या जागी नाही. त्याच्या मम्मीनं घरी बोलावलं मले. म्हणे, मम्मी म्हणून राहिली, दुकानात कशाले भेटता चोरासारखे, पोरीले घरी आण, मी पोहे करते." ती आरशासमोर ओढणी खांद्यावरून डोक्यावर घेऊन पाहत होती, मोठ्यांसमोर जाताना घेतात तशी. "क्वार्टरमध्ये पेंटिंग चालू आहे म्हणून ते लोक सध्या हायवेकडे फ्लॅटवर आहेत. मी तं म्हणते हे अच्छा झालं. सिव्हिक सेंटरले कोणी पाहिलं असतं तं पप्पाच्या कानावर गेलं असतं. घरी मम्मी आहेत, म्हणजे इज्जतीचं झालं ना."

मेथीची काडी माझ्या हातात राहिली. साक्षी मूर्ख नाही. तिनं त्या मॅडमचं सगळं ऐकलं होतं, दिवसा, लोकांत, सांगून. पण आमच्या घरात लहानपणापासून शिकवलं काय? पोरीनं पोराले दुकानात भेटायचं म्हणजे वाया गेली, अन् घरी, त्याच्या आईसमोर भेटायचं म्हणजे संस्कार. त्या माणसाले आमचं हे बरोबर माहीत होतं. त्यानं आईचं आमिष लावलं. अन् ती पायरीवर रडलेली पोरगीही अशीच पोहे खायले गेली असन, अशीच डोक्यावर ओढणी घेऊन. कॉफीच्या दुकानातलं थोडंसं रडणं मले चाललं असतं. हे थोडंसं नव्हतं. तरी मी एक पूर्ण श्वास गप्प बसली. तो श्वास मी घेतला, मले आठवते, अन् त्यात मी विचार केला की अजूनही गप्प राहता येते.

"सेक्टर दहाले पेंटिंग नाही चालू," मी म्हटलं.

"काय?"

"मी गेली होती शुक्रवारी. त्या क्वार्टरमध्ये एक म्हातारी राहते. सम्यक नावाचं कोणी नाही. कधीच नव्हतं. तुझ्या आधी एक पोरगी तिथं येऊन रडून गेली. तिले त्यानं फ्लॅटवर बोलावलं होतं. आता तिचे फोटो आहेत त्याच्याजवळ. जाऊ नको, साक्षी."

तिनं ओढणी डोक्यावरून खाली घेतली. "तू शुक्रवारी गेली होती."

"हाव."

"अन् आज सांगून राहिली."

"हाव."

"गेलीच कशाले होती तू तिथं? कोणी सांगतलं होतं तुले?" तिचा आवाज चढला. मग तिले समजलं, अन् तिनं ते म्हणून टाकलं. "तू जळते माझ्यावर. तुले कोणी मिळालं नाही म्हणून मलेही मिळू नये. खोटं बोलून राहिली तू."

"जळते ना," मी म्हटलं. माझ्या मांडीवरून मेथी खाली सांडली. "तू हसते तं मले सहन होत नाही. चंद्रपूरवाल्या बाईनं तुले पाहिलं तेव्हापासून जळते. त्याच्याही आधीपासून जळते. तिथं मी तुझ्या भल्यासाठी गेली नव्हती, तुझं घर माझ्यापेक्षा चांगलं आहे का ते पाहायले गेली होती. खोटा निघाला तं मले खुशी झाली, साक्षी, मी गाणं म्हणत आली. तुले जे म्हणायचं ते म्हण मले. पण त्या घरात आई नाही. त्याले व्हिडिओ लाव अन् म्हण, मम्मीले दाखवा. एक मिनिट. दिसली तं मी स्वतः तुले सोडून येते, अन् जन्मात तोंड उघडत नाही."

ती रडून राहिली होती, पण तिनं लावला. त्यानं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग मेसेज आला, नेटवर्क नहीं है. तिनं लिहिलं, मम्मी से सिर्फ बात करा दो, सादा कॉल. आम्ही दोघी पलंगाच्या काठावर बसून त्या पडद्याकडे पाहत होतो. ट्रस्ट नहीं है मुझ पर? तिनं लिहिलं, है, बस मम्मी से बात करा दो. बराच वेळ काही आलं नाही. शेजारी कोणाकडे तरी मिक्सर सुरू झाला अन् बंद झाला. मग आलं.

नहीं आना तो मत आ. फोटो तो हैं ही मेरे पास.

साक्षीनं मोबाईल फेकला नाही, किंचाळली नाही. ती माझ्याकडे वळली अन् तिच्या चेहऱ्यावर लहानपणचं काहीतरी होतं, काच फुटल्यावर असायचं तसं. "दोन पाठवले होते, ताई. तो खूप मागून राहिला होता. तसे एकदम तसे नाहीत. पण आहेत."

अन् मी जे मागितलं होतं ते माझ्यासमोर बसलं होतं. उशीत तोंड, ताई तूच बरोबर होती, सगळं. मले ते नको झालं. मी तिले जवळ ओढलं, तिचे ओले केस माझ्या गळ्याले लागले, अन् मी म्हटलं, "पाठवले तं पाठवले. खोटं तो बोलला, तू नाही. पप्पाले मी सांगीन, माझ्या तोंडाले सगळे घाबरतात घरी. उद्या नाही, आजच सायबर सेलले जाऊ. त्या म्हातारीलेही विचारू त्या पोरीबद्दल, दोघी असल्या तं बरं." तिनं मोबाईलवर बोट ठेवलं, सगळं पुसून टाकायले. मी तिचा हात धरला. "पुसू नको. हेच तं दाखवायचं आहे. तो त्याच्या बाजूनं पुसायच्या आत सगळ्याचे फोटो काढते मी."

ती तोंड धुवायले गेली. मी तिचा मोबाईल मांडीवर ठेवला अन् माझ्या मोबाईलनं एकेक पान टिपत गेली, दिवाळीपासून. आधी नुसतं टिपत होती. मग वाचायले लागली. पेपर कसा गेला. ताप उतरला का. आज आवाज उदास का आहे, कोणी काही बोललं का. तू बोलती है तो मैं सब भूल जाता हूँ. कमी बोल, असं त्यानं तिले एकदाही म्हटलं नव्हतं. निकलते टाइम बता देना, घर पहुँचके भी बता देना, मुझे चिंता होती है. एकेक वाक्य खोटं होतं, हे मले माहीत होतं. फसवायलेच लिहिलं होतं, त्या दुसऱ्या पोरीलेही हेच लिहिलं असन, अक्षर न अक्षर. पण तेहतीस वर्षांत मले कोणी खोटंही विचारलं नव्हतं की घरी पोहोचली का. माझ्या पोटात तेच सरकलं, तिथंच, तसंच. मी वर सरकवलं अन् पुन्हा ते एक पान पहिल्यापासून वाचलं.

"झालं का ताई?" साक्षीनं न्हाणीतून विचारलं. "निघायचं ना?"

"थांब," मी म्हटलं. "अजून थोडं राहिलं आहे."